मेणाला मध्येच खड्डा का पडला? आठवी-नववीच्या मुलांना इंजिनिअरिंग दाखवण्याबद्दल

सँडलॅब_शिरोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सँड लॅब सांभाळते, सतरा वर्षं झाली. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या, वाळूत ओलावा किती आहे, ती दाबली की किती घट्ट बसते, तिच्यातून हवा नीट सुटते का, हे तपासून मी होय म्हटल्यावर लाइन सुरू होते. काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच गेल्या महिन्यात जे घडलं ते मनातून जात नाहीये.

मुलीच्या शाळेत नववीच्या वर्गाशी बोलायला बोलावलं होतं. कुणाकुणाला इंजिनिअर व्हायचंय, विचारलं. जवळजवळ अर्धा वर्ग हात वर. कुठलं इंजिनिअरिंग? "कॉम्प्युटर." बरं, इंजिनिअर दिवसभर करतो काय? वर्ग गप्प. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाला विचारलं, तुझे बाबा काय करतात? "कंपनीत आहेत." कंपनीत काय करतात? "सेकंड शिफ्ट."

त्या मुलाला दोष नाही. बाप रात्री साडेबाराला घरी येतो, पोरगा सकाळी सातला शाळेत जातो. पण ज्या गावात उद्यमनगर आहे, शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे, कागल-हातकणंगलेची फाइव्ह स्टार एमआयडीसी आहे, तिथल्या पोराला आपला बाप काय घडवतो हे माहीत नसावं, याचं फार वाईट वाटलं.

मी भाषणाचे कागद पिशवीत ठेवले आणि सोबत नेलेलं सामान काढलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, बारीक वाळू, थोडी शाडू, मेणबत्त्यांचं मेण, एक स्टीलची वाटी आणि एक सरळ पेला. वाळूत शाडू मिसळून पाण्याचा हबका मारला आणि मुलांना सांगितलं, मूठ आवळून बघा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर मधोमध स्वच्छ तुटला पाहिजे. आमचे जुने मोल्डर आजही आधी मुठीनंच बघतात, यंत्राचा आकडा नंतर. वाटीला टाल्कम पावडर लावून वाळूत तोंडापर्यंत बसवली, भोवतीनं वाळू ठोकली आणि वाटी अलगद उचलली. साचा तयार. पेल्याचं तसंच केलं तर भिंत ढासळली. तीनदा करून तीनदा ढासळली. मग एका मुलीनं दोन्ही भांडी शेजारी धरून बघितली आणि म्हणाली, वाटी वर पसरट होत जाते, पेला सरळ आहे, म्हणून घासतोय. आमच्याकडं याला ड्राफ्ट म्हणतात. तो नसेल तर पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, निघतच नाही.

मेण मी घरीच गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ करून थर्मासमधून नेलं होतं. ते साच्यात ओतलं आणि सगळे वाट बघत बसले. कडा पांढरट झाल्या, मग हळूहळू मधला भाग खाली बसायला लागला आणि चांगला अंगठा बसेल एवढा खड्डा पडला. "मॅडम, गळालं का?" नाही. "मग मेण गेलं कुठं?"

मी उत्तर दिलं नाही. ओठांवर आलं होतं, पण थांबले. वीसेक मिनिटं वर्गात नुसता गलका. शेवटी तोच सेकंड शिफ्टवाला मुलगा उठला. म्हणाला, कड आधी गार होऊन आखडली, तिनं मधलं मेण ओढून घेतलं, मधल्याला द्यायला कुणी उरलंच नाही. मग काय करायचं? "वरती जास्तीचं मेण धरून ठेवायचं. शेवटपर्यंत गरम राहील असं."

मंडळी, यालाच रायझर म्हणतात. फाउंड्रीत धातू कसा ओतायचा ते ठरवणारा मेथडिंगचा माणूस पगार घेतो तो हा रायझर कुठं आणि केवढा बसवायचा एवढ्यासाठी. चौदा वर्षांच्या मुलानं तो कुणीही न सांगता शोधला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दहावीच्या आधी प्रत्येक मुलाच्या हातून एखादी वस्तू घडावी, बिघडावी, आणि का बिघडली ते त्यानं स्वतः शोधावं. मग त्यानं काय व्हायचं ते ठरवावं. आपण इथं इतके कोल्हापूरकर आहोत. हे कसं जमवता येईल?

राजारामपुरी_७वी_गल्ली

ताई, लिहिलंय छान, पण मी जरा विरोधात बोलणार आहे. रागावू नका.

माझा पुतण्या मेकॅनिकल डिग्री झाला. फर्स्ट क्लास. इथल्याच एका कंपनीत लागला. कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षं रात्रपाळीला निघालेल्या जॉबची, म्हणजे तयार भागांची, मोजदाद करून वहीत लिहायचं काम. पगार ऐकाल तर तुम्हालाच लाज वाटेल. शेवटी सोडून बँकेच्या परीक्षा देतोय. माझा मुलगा आत्ता नववीत आहे. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की बाबा रे, लोखंडाकडं बघ, किती मजा आहे?

मुलांना स्वप्नं दाखवणं सोपं असतं. फी आईबाप भरतात.

भोगावतीकाठ

मी राधानगरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडं ना एमआयडीसी, ना वर्कशॉप. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. पण अहो, इंजिनिअरिंग आमच्या दारातून वाहतं. शाहू महाराजांनी हे धरण मनावर घेतलं म्हणून हा सगळा पट्टा उसाचा झाला. दर जुलै-ऑगस्टला मुलं मोबाइलवर वाचतात, की राधानगरीचे दरवाजे उघडले. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की दाबानं आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. हा आकडा पोरांना तोंडपाठ. पण क्युसेक म्हणजे काय, ते एकालाही सांगता आलं नाही.

मग फळ्यावर गणित मांडलं. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. गुणिले १४२८. चाळीस हजार लिटरच्या वर आलं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका सेकंदाला चार टँकर, तेही एकाच दरवाजातून. सातही उघडले तर? मुलांनी आपणहून वह्या काढल्या. एकानं विचारलं, मग खाली राजाराम बंधाऱ्यावर पाणी कधी पोचतं? तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्याला ठाऊक होतं, कारण २०१९ च्या पुरात शिरोळकडचा त्याचा मामा घर सोडून यांच्याकडं राहायला आला होता. त्या दिवशी मला माझ्या विषयाची पहिल्यांदा ताकद कळली असं वाटलं.

दुसरं आमचं कोल्हापूर पद्धतीचं बंधारं. लोक नुसतं केटी वेअर म्हणून पुढं जातात. पोरांना काठावर नेलं आणि खांबांच्या खाचा दाखवल्या. पावसाळा संपला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, दोन ओळींत, मधे माती ठासायची. पावसाळ्याआधी काढून घ्यायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. सगळ्यात जास्त भार कुठल्या बरग्यावर? सगळे म्हणाले, वरच्या, कारण पाणी वरून पडतं. परत आल्यावर बाटलीला वर, मधे, खाली अशी तीन भोकं पाडली आणि पाणी भरलं. खालची धार सगळ्यात जोरात सुटली. मग हिशोब केला. तीन मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर साधारण तीन टन दाब. ते पुस्तकातल्या धड्यातही असतं, पण धड्यात बरगा नसतो.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो. पूर्वी आम्ही फोटोला हार घालून विश्वेश्वरय्यांचं चरित्र वाचायचो. गेल्या वर्षी वाचलं नाही. त्यांनी १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. आम्ही पुठ्ठा, खिळा आणि वजनाला नटबोल्ट घेऊन तसा दरवाजा करायचा प्रयत्न केला. सहा गटांतल्या एकाचाच चालला, आणि तोही एकदाच. बाकीच्या पाच गटांनी घरी नेऊन पुन्हा नव्यानं करून बघितला.

ताई, तुमचा मेणाचा प्रयोग सोमवारीच करतो. आमच्याकडं शाडू नाही, पण नदीची गाळमाती चालेल का?

सँडलॅब_शिरोली

सर, चालेल, फक्त चाळून घ्या आणि पाणी बेतानं. ओली वाळू बसते छान, पण मुलांना सांगा, की मेणाच्या जागी लोखंड असतं तर तेच जास्तीचं पाणी वाफ होऊन आत अडकलं असतं आणि जॉबला भोकं पडली असती. ब्लो होल. लोखंड ओततो तेव्हा १४०० अंशांच्या आसपास असतं. आणखी एक गणित देते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना साधारण एक टक्का आखडतं, म्हणून मीटरभर लांब जॉबचा पॅटर्न सेंटीमीटरभर मोठा करावा लागतो. पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिचा सेंटीमीटर आपल्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा. शेकडेवारी शिकवताना ती पट्टी मुलांच्या हातात द्यावी असं मला फार वाटतं. एक जुनी माझ्याकडं आहे, पाठवते.

राजारामपुरीचे दादा, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. डिग्रीच्या पोराला मोजदादीला बसवणाऱ्या जागा आहेत, आणि ती त्या पोराची चूक नाही. पण माझा एक प्रश्न आहे. त्यानं मेकॅनिकल का घेतलं होतं? आवडलं म्हणून, की त्या मार्कांना तेच मिळालं म्हणून?

राजारामपुरी_७वी_गल्ली

खरं सांगायचं तर आम्हीच घ्यायला लावलं. कॉम्प्युटरला नंबर लागला नाही, मेकॅनिकलला लागला. त्यानं कॉलेजला जाईपर्यंत लेथ बघितलेलं नव्हतं.

जुना_फिटर

माझा नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

मी सातवी पास. उद्यमनगरात चाळीस वर्सं काढली. आमच्या वेळंला सगळीकडं ऑइल इंजिनं बनत हुती. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हिरीचं पाणी उपसायला आन् गुऱ्हाळाचा घाणा फिरवायला इंजिन लागायचं, ते हितंच ओतलं, हितंच टर्निंग, हितंच फिटिंग. म्हादबा मेस्त्रींचं नाव तवा सगळ्यांच्या तोंडात. आमच्या मालकांनी पयल्या दिवशी मला सांगितलं, हात लावायचा न्हाई, आठ दिवस नुसतं ऐकायचं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचं लिस्टर टाइप इंजिन. टुक, टुक, टुक. आठव्या दिवशी मालकांनी कायतरी केलं आन् इचारलं, काय बदललं? मी म्हनालो, धावतंय आन् दमतंय, धावतंय आन् दमतंय. त्यास्नी बरं वाटलं. गव्हर्नरचा स्प्रिंग ढिला केलता त्यांनी.

गव्हर्नर म्हंजी काय, पोरांनो, दोन वजनं असत्यात. इंजिन जोरात फिरलं की ती भायेर फेकली जात्यात आन् डिझेल कमी करत्यात. हळू झालं की आत येत्यात आन् डिझेल वाढवत्यात. इंजिन आपलं आपनच सांभाळतं. त्या मास्तरांच्या धरनाचा दरवाजा बी तसलाच की. पानी वाढलं की उघडला, कमी झालं की मिटला.

शिकलेल्या पोरांना माझं सांगनं हाय, पुस्तकात हे सगळं हाय, मला ठाव हाय. पर कानानं ऐकलं की इसरत न्हाई. माझ्या शेडात एक इंजिन पडून हाय. कुनाची पोरं यायची आसली तर या.

दोन_मुलींची_आई

फिटर काका, तुमचा प्रतिसाद मी मुलींना वाचून दाखवला. धाकटी सातवीत आहे, तिनं लगेच विचारलं, वजनं बाहेर का फेकली जातात?

मोठी नववीत. तिनं दिवाळीत घरातला बंद पडलेला मिक्सर उघडला. कार्बन ब्रश झिजले होते. दुकानातून चाळीस रुपयांचे आणून तिनंच बसवले, चालू झाला. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एका जवळच्या व्यक्तीनं लिहिलं, "छान, पण आता स्वयंपाकाचंही बघू द्या." तिनं तो मेसेज वाचला. त्यानंतर महिनाभर कशाला हात लावला नाही. मला अजून त्याचा त्रास होतो.

सँडलॅब ताई, तुम्ही फाउंड्रीत कशा टिकलात? खरं सांगा. मी तिला पुढं ढकलू की नको?

सँडलॅब_शिरोली

ढकलू नका, फक्त वाट अडवू नका आणि कुणाला अडवू देऊ नका. ब्रश झिजलेत हे ज्या मुलीला कळतं, तिला ढकलायची गरज नाही.

खरं विचारलंत म्हणून सांगते. मी पहिल्यांदा जिथं लागले तिथं शॉपवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागायचं, येऊन-जाऊन वीस मिनिटं. मी सहा महिने दिवसभर पाणी कमी प्यायले आणि आजारी पडले. तेव्हा बोलले नाही. आज बोलते, आणि आमच्याकडं नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी हेच विचारते. आता बऱ्याच ठिकाणी चित्र बदललंय, क्वालिटीत आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, मुली दिसतात. पण निवड करण्याआधी हे तिला माहीत असू द्या. लपवून उपयोग नाही.

तिला ए. ललिता यांच्याबद्दल सांगा. मद्रासकडच्या. कोवळ्या वयात वैधव्य, पदरात तान्ही मुलगी, आणि तरी १९४३ साली गिंडीच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या. देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक. त्यांना कुणी काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना करा.

आणि पैशाचं. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनं कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी निघत नाही, आधीच काढून ठेवा. राहण्या-खाण्याचा खर्च असतोच, तो धरून चाला.

डिप्लोमा_थर्ड_इयर

मी गडहिंग्लजकडचा. आत्ता मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीला ६२ टक्के. घरी सगळ्यांनी मान खाली घातली होती. मामा म्हणाला डिप्लोमाला टाक, म्हणून आलो.

इथं कुणी वाटा सांगितल्या नाहीत म्हणून लिहितो, कारण मला स्वतःला दहावीत माहीत नव्हत्या. अकरावी-बारावी सायन्स आणि मग सीईटी ही एकच वाट आहे असं सगळे समजतात. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि तो झाला की डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआय करून फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालं तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या वर्गात आयटीआयवरून आलेले दोघं आहेत. वर्कशॉपमध्ये सर त्यांनाच आधी बोलावतात.

पहिल्या सेमिस्टरला आम्हाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा दिला, ५० बाय ५०, आणि कानस. काटकोन करायचा. मला वाटलं तासाभराचं काम. तीन आठवडे लागले. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा आणि उजेडाकडं धरायचं. मधून उजेड आला की परत घासायचं. एक बाजू सरळ झाली की दुसरी बिघडायची. हाताला फोड आले. एक दिवस उजेड आलाच नाही. सरांनी तो तुकडा हातात घेतला, फिरवला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. मला दहावीच्या रिझल्टला जे वाटायला पाहिजे होतं ते त्या दिवशी वाटलं.

अवघड काय, तेही सांगतो. पहिल्या वर्षी पुस्तकं इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या पोरांना टॉर्क, स्ट्रेस हे शब्द घशात अडकतात. मी प्रत्येक शब्दासमोर गावाकडचा अर्थ लिहायचो. टॉर्क म्हणजे पान्याला लांब दांडा लावल्यावर जे वाढतं ते. आठवी-नववीतच हे शब्द वस्तूसकट कानावर पडले असते तर खूप सोपं गेलं असतं.

अनघा_पुणे

मूळ कोल्हापूर, शिवाजी पेठ. आता पुण्यात सॉफ्टवेअर. सगळं आवडलं, पण एक विनंती आहे. कॉम्प्युटर म्हणणाऱ्या मुलांना कमी लेखू नका. मीही त्यांच्यातलीच होते आणि मला माझं काम आवडतं. "कॉम्प्युटर" म्हणणाऱ्या मुलाला तो का हवाय हे विचारा, एवढंच. मला कुणी विचारलं नव्हतं. बारावीला सीईटीचे २०० मार्क, त्यातले १०० गणिताचे, एवढंच दोन वर्षं डोक्यात होतं. काय बनवायचं आहे हा प्रश्न मला पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेला.

दोन्ही जोडता येतं. उसाच्या रानात ओल मोजून ठिबक चालू-बंद करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी शाळेतली मुलं बनवू शकतात. ती म्हणजे काकांच्या गव्हर्नरचीच बहीण. ओल वाढली की बंद, कमी झाली की चालू.

ज्यांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे त्यांनी ती उघडी आहे का बघा. २०१६ पासून नीती आयोगाची ही योजना आहे, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत मदत मिळते. मी पाहिलेल्या एका शाळेत थ्रीडी प्रिंटरवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, बिघडेल म्हणून. बिघडू द्या हो. आणि राधानगरीचे सर, लॅब नसली तरी केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेला मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन पाठवता येतात. निवड झाली तर नमुना करायला दहा हजार रुपये मुलाच्या खात्यावर येतात. तुमचा पुठ्ठ्याचा दरवाजा नक्की पाठवा.

आणि मंडळी, आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण रोज ओलांडतो. तो कशाचा आहे, हे मी पंचविशीत वाचलं.

भोगावतीकाठ

धन्यवाद मॅडम, इन्स्पायरचं बघतो.

मेणाचा प्रयोग केला. गाळमातीचा साचा जास्त ओला झाला, मेणाला खालून फेस आल्यासारखी भोकं पडली. मी ओशाळलो होतो, पण पोरं खूश, कारण खड्ड्याबरोबर भोकंही शोधायला मिळाली. आमच्यातला एक मुलगा गुऱ्हाळावर राहतो. तो म्हणाला, सर, ढेपंलासुद्धा पाक कच्चा उतरवला की असंच होतं, आत ओल राहते. गुळव्या पाण्यात पाक टाकून गोळी होते का बघतो, तेव्हा काहील साधारण ११८ अंशांवर असते, हे मी त्याला थर्मामीटरनं दाखवलं. त्याचा बाप गेली वीस वर्षं तो आकडा बोटानं ओळखतोय.

आता खरी अडचण. माझ्या पोरांना कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. एकदा सहल म्हणून एका कारखान्यात नेली होती. पिवळ्या पट्ट्यामागं रांगेत उभं केलं, आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही, बाहेर आल्यावर समोसा दिला आणि फोटो काढला. परत येताना बसमध्ये कुणी कारखान्याचं नावही काढलं नाही.

सँडलॅब_शिरोली

सर, चालू फाउंड्रीत मुलांना न्यायच्या मी विरोधातच आहे. ओतकाम चालू असताना तिथं मोठ्यांनाही सांभाळावं लागतं, आणि लांबून बघून काही कळत नाही. वस्तू मुलांकडं न्यायच्या. आमच्याकडं रिजेक्ट झालेले जॉब परत भट्टीत जातात. मी साहेबांना विचारून दहा-बारा बाजूला काढलेत. ब्लो होलचा, श्रिंकेजचा म्हणजे आखडून खड्डा पडलेला, आणि कोअर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा) सरकल्यामुळं एका बाजूला पातळ झालेला. चांगल्या जॉबपेक्षा यांच्यातून जास्त शिकता येतं. धारा घासून, धुऊन तुमच्याकडं एसटीनं पाठवते. मुलांना सांगा, कुठं आणि का चुकलं ते लिहून मला कळवा. मी खरं कारण नंतर सांगेन.

आणि एक सांगायचं राहिलं. तो सेकंड शिफ्टवाला मुलगा. मी त्याला म्हटलं होतं, की रविवारी बाबांना विचार. त्यानं विचारलं. बाबा कोअर सेटर आहेत, ट्रॅक्टरच्या हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) साच्यात कोअर बसवतात. बाबांनी त्याला जेवणाच्या ताटात भाताची मूद पाडून, मधे वाटी ठेवून दाखवलं, की आतली पोकळी कशी तयार होते. मुलीकडून निरोप आला, की त्यानं वर्गात ते सगळ्यांना डब्यातल्या भातावर करून दाखवलं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

ताई, मी परवा रात्री पुतण्याला हा धागा वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रायझरचं डिझाइन आम्हाला थर्ड इयरला होतं, मी पाठ करून लिहिलं होतं.

पगाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. हुशार पोरं पुण्याला का जातात, याचं उत्तर इथल्या मालकांनी द्यायलाच पाहिजे, आणि तो विषय मी सोडणार नाही. पण माझ्या मुलाच्या बाबतीत तीच चूक दुसऱ्यांदा करायची नाही. त्याला आवडलं नाही तर नाही. पण न बघता नको.

फिटर काका, रविवारी आलो तर चालेल का? मुलगा आणि पुतण्या दोघांना आणतो.

दोन_मुलींची_आई

आम्ही तिघी येऊ. मोठी "बघू" म्हणाली आहे. पण तिनं स्वतःचा स्क्रू ड्रायव्हरचा सेट दप्तरात भरून ठेवलाय.

सँडलॅब_शिरोली

मग रविवारी सकाळी नऊ, उद्यमनगर, काकांची शेड. पत्ता मी व्यक्तिगत निरोपात देते, इथं नको. मुलांना बूट घालून आणा, चप्पल नको. मुलींचे केस बांधलेले, ओढणी नको, सैल बाह्या नकोत. प्रत्येकासाठी एक वही. मेण आणि वाळू मी आणते. डिप्लोमावाल्या भावा, तुला जमत असेल तर कानस, गुण्या आणि तुझा तो पन्नास बाय पन्नासचा तुकडा घेऊन ये. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, माझ्याकडं दोनच आहेत. कुणाकडं जुना पडून असेल तर आणा, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा असला म्हणजे झालं.

डिप्लोमा_थर्ड_इयर

येतो ताई. तुकडा आईनं देवघराशेजारी ठेवलाय, विचारून आणतो.

जुना_फिटर

या सगळी. इंजिन तीन वर्सं बंद हाय, मी मुद्दाम हात लावला न्हाई. पोरांच्या संगच सोडवू. नोझल चोंदलं आसंल, न्हाईतर रिंगा धरल्या आसत्याल, त्येनी शोधायचं. हँडल मातर मीच मारनार. उलटा झटका बसला तर मनगाट जातं. एका वेळंला चौघंच जवळ, बाकीच्यांनी उंबऱ्याच्या भायेर थांबून ऐकायचं.